मुलीला न्यायाधीश व्हायचंय, तर हिशोब आठ वर्षांचा करा

प्रश्न : कराडजवळच्या साखर कारखान्यात अकाउंट्सला आहे. वय 50, पगार 48 हजार. पीएफ 16 लाख, एफडी 6 लाख, गावाकडे एक प्लॉट. मुलगी बारावीला आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकून न्यायाधीश व्हायचं म्हणते. राहण्याजेवणासकट खर्च 15 लाखांवर जातोय. पीएफमधून 8 लाख काढून बाकीचं कर्ज घ्यावं, की सगळंच कर्ज? धाकटा नववीत आहे. आम्ही ओबीसी.

उत्तर : पीएफला हात लावू नका. आज काढलेले 8 लाख सध्याच्या 8.25 टक्क्यांनी तुम्ही 58 चे होईपर्यंत 15 लाखांच्या पुढे गेले असते. निवृत्तीसाठी कोणतीही बँक कर्ज देत नाही.

मग सगळंच कर्ज? इथे मुलीचं ध्येय आडवं येतं. मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला 3 वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे. म्हणजे पदवीची 5 अधिक वकिलीची 3 वर्षं, आणि वर परीक्षेचा काळ वेगळा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये ज्युनिअर वकिलांना महिना शहरात 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार मानधन द्यावं असं सुचवलं, पण ती शिफारसच आहे. तालुका कोर्टात सीनिअरच्या हाताखाली उभ्या असलेल्या ज्युनिअरला विचारा, काय हातात पडतं ते.

आता कर्जाचं बघा. पूर्ण 15 लाख सोडा, दरवर्षी अडीच लाखच उचलले, व्याज 10 टक्के धरलं, तर शिक्षण संपून वर्षभराने हप्ता सुरू होताना सरळ व्याजानेही साडेसतरा लाख देणं झालेलं असेल. दहा वर्षांसाठी हप्ता साधारण 23 हजार. तो तिच्या मानधनातून जाणार नाही, तुमच्या निवृत्तीच्या तोंडावर तुमच्याच पगारातून जाईल. शिवाय साडेसात लाखांपुढे बँका सहसा तारण मागतात, म्हणजे प्लॉटही अडकला. कर्ज विकणारा शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची 80ई ची करसवलत सांगेल. तुमच्या पगारावर नव्या करप्रणालीत करच लागत नाही, तेव्हा तिकडे लक्ष देऊ नका.

तिला मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचं असतं, तर मी वेगळं बोललो असतो. तिथे कॅम्पस प्लेसमेंटला किंमत आहे आणि चांगल्या रँकवर कर्ज झेपतं. जेएमएफसीच्या, म्हणजे वर सांगितलेल्या दिवाणी न्यायाधीशाच्याच परीक्षेत मात्र कॉलेजच्या नावाला मार्क नाहीत.

म्हणून माझं मत एमएच सीईटीच्या, म्हणजे राज्यातल्या विधी महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेच्या बाजूने. 2024 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुम्ही त्यात बसता. अट एकच नीट लक्षात ठेवा, प्रवेश कॅप फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट किंवा संस्थास्तरावरची जागा घेतली, की सवलत गेली. खासगी विद्यापीठांनाही ती नाही. पुण्याचं आयएलएस किंवा मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय मिळालं तर खर्च मुख्यतः खोली आणि मेसचा उरतो. तो पगारातून ओढाताण करून का होईना, निघेल. एफडीला तोवर हात लावू नका. ते 6 लाख तिच्या ज्युनिअरशिपच्या तीन वर्षांसाठी. धाकट्याचं कॉलेज तिच्या चौथ्या वर्षी सुरू होईल, हेही डोक्यात असू द्या.

क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, तिने जरूर द्यावी. 120 प्रश्न, दोन तास, चुकीला पाव मार्क वजा. सगळा खेळ उतारे भराभर वाचण्याचा. त्यासाठी रोजचं इंग्रजी वर्तमानपत्र, जुने पेपर आणि एखादी मॉक टेस्ट सिरीज पुरे. निवासी क्लास लावून वर्ष गाळायला मी सांगणार नाही. पहिल्या काही विद्यापीठांत बसेल असा रँक आला, तर पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत ती संस्था आहे का ते पाहून पुन्हा लिहा. त्या योजनेत तारण लागत नाही, त्यामुळे प्लॉट तरी मोकळा राहील.

तोपर्यंत उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेअर काढून ठेवा. जूनमध्ये सेतूपुढे रांग लागते.