सायबेरियात केसाळ मॅमथ (हत्तीचा नामशेष झालेला भाऊबंद) कातडीसकट सापडतो, मग निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला जुन्या हत्तीची नुसती हाडंच का?

कारण मांस टिकायला जमीन हजारो वर्षं सलग गोठलेली राहावी लागते आणि गोदाकाठची जमीन तशी कधीच नव्हती. निफाडला पारा शून्याजवळ गेला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, पण ती थंडी वरवरची; वीतभर खाली माती उबदारच असते. सायबेरियात उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो, खालचा गोठलेलाच राहतो. जनावर चिखलात झटपट गाडलं गेलं, हवा तुटली आणि तो चिखल पुढे गोठला, तरच कातडी, केस, आतडी शिल्लक राहतात. 2007 मध्ये सायबेरियातल्या यामल द्वीपकल्पावर सापडलेलं ल्यूबा हे सुमारे महिनाभराचं मॅमथचं मादी पिल्लू साधारण 42,000 वर्षांपूर्वीचं. तिच्या शरीरात आम्ल तयार करणारे जिवाणू वाढले होते, म्हणजे ती जवळजवळ लोणच्यासारखी मुरली. म्हणूनच बाहेर आल्यावरही लगेच सडली नाही. शेपूट आणि कान मात्र गावातल्या कुत्र्यांनी कुरतडले!

आपल्याकडे गोदावरीच्या वाळू-गोट्यांच्या थरात मांस केव्हाच कुजलं. हाडांत खनिजं मुरली म्हणून ती उरली. नांदूरच्या हत्तीची नोंद 1905 सालची आहे. तो पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस, सरळसुळ्या हत्ती, मॅमथ नव्हे.

पण सायबेरियातही अख्खं जनावर विरळाच. बहुतेक वेळा तिथेही सुळे आणि हाडंच हाती लागतात.