अमेरिकेतल्या सनफिशची पिल्लं घरच्या टाकीत का जगत नाहीत?

सनफिश या गोड्या पाण्यातल्या माशांची अंडी तुमच्या टाकीत फुटतात पण पिल्लं चार-पाच दिवसांत मरतात, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक वेळा कारण उपासमारच असतं. सुरुवातीचे काही दिवस पिल्लं पोटातल्या बलकावर जगतात. ती सुटी पोहायला लागली की लगेच तोंडात मावेल इतकं बारीक, जिवंत खाद्य लागतं. ब्लूस्पॉटेड सनफिशची पिल्लं तर इतकी चिमुकली असतात की अंड्यातून नुकतीच निघालेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबीसारखी जात) सुद्धा त्यांना मोठी पडते. म्हणून इन्फुसोरिया, म्हणजे पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव, आधीच तयार ठेवा. नर-मादी एकत्र सोडाल त्याच आठवड्यात बरणीत पाणी आणि वाळलेली पानं घालून ठेवलीत तरी चालेल. पिल्लं जरा वाढली की आर्टेमिया सुरू करा. शेवाळ आणि बारीक पानांच्या वनस्पती टाकीत भरपूर हव्यात. फिल्टर स्पंजचाच वापरा, दुसरा पिल्लं ओढून घेतो.

तुमच्याकडे लाँगइअर किंवा ऑरेंजस्पॉटेड जातीचा सनफिश असेल तर नर वाळूत खळगं करतो आणि अंड्यांना पंखांनी वारा घालत राखण करतो. त्याला ते करू द्या, पण मादीला लगेच बाहेर काढा. छोट्या टाकीत तो तिला जिवे मारू शकतो.

हिवाळ्यात हिटर बंद ठेवून पाणी गार होऊ द्या, वसंतात उजेड आणि तापमान हळूहळू वाढवा. विणीसाठी हे फार उपयोगी पडतं.

लेपोमिसच्या (लाँगइअर आणि ऑरेंजस्पॉटेड ज्यात येतात त्या गटाच्या) दोन जाती एकत्र ठेवू नका, संकर सहज होतो. आणि जास्तीची पिल्लं तळ्यात कधीही सोडू नका.