बारा इंची पाइपला सॅडल लागतं का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. आयटीआय वायरमन, चाकणला सहा वर्षं पॅनलचं काम, आणि बायकोच्या ग्रीन कार्डामुळे आता शिकागोला यायचं ठरतंय. इथल्या इलेक्ट्रिशियनच्या सराव परीक्षेत दोन डब्यांमधल्या १२ इंची ईएमटी पाइपला (वायरी घालायच्या पातळ लोखंडी पाइपला) आधार, म्हणजे भिंतीला धरून ठेवणारं सॅडल, लागतो का, असं विचारलं होतं. तू ‘नाही’ लिहिलंस आणि चुकलास. "दादा, एवढ्याशा तुकड्याला कसलं सॅडल? दोन्हीकडून चेकनट आवळलेत की!" असं तुझं म्हणणं.

अमेरिकेतल्या पहिल्या वर्षी माझंही हेच म्हणणं होतं. एका गोदामात डिस्कनेक्ट (मेन स्विचचा डबा) आणि शेजारचा जंक्शन बॉक्स यांच्यामध्ये मी १४ इंचांचा तुकडा टाकला. दोन्ही डबे भिंतीला घट्ट, पाइप हलायचं नाव नाही. इन्स्पेक्टरनं पाइपला हातही लावला नाही. "स्ट्रॅप कुठंय?" (सॅडलला इथे स्ट्रॅप म्हणतात) एवढंच विचारलं आणि काम नापास केलं. एका स्ट्रॅपसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा शिडी लावली, आणि फोरमननं गाडीत बसल्यावर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आपली गल्लत कुठे होते बघ. तिकडे भारतात आयएस ७३२ या वायरिंगच्या मानकाप्रमाणे सॅडल जास्तीत जास्त १ मीटरवर, आणि कपलर किंवा बेंडच्या दोन्ही बाजूंना ३० सेंमीवर, हे आपल्या हातात बसलेलं असतं. छोट्या तुकड्याला आपण नजरेनं ठरवतो. इथल्या एनईसीत, म्हणजे वायरिंगच्या नियमांच्या पुस्तकात, ईएमटीसाठी कलम ३५८.३० आहे. (नावावरून फसू नकोस, भारताचीही एक एनईसी आहे, ती बीआयएस या मानक संस्थेची. ही एनएफपीए या अमेरिकन संस्थेची, आणि दर ३ वर्षांनी नवी निघते.) त्यात दोन मापं आहेत. दर १० फुटांच्या आत एक आधार, आणि शिवाय प्रत्येक बॉक्स, कॅबिनेट किंवा पाइपच्या टोकापासून ३ फुटांच्या आत एक. पाइप किती लांब, याचा त्यात उल्लेखच नाही. माप टोकापासून घ्यायचं. त्यामुळे तुकडा १२ इंचांचा असला तरी त्याला दोन टोकं आहेतच, आणि दोन्ही टोकांना नियम लागू होतो.

पण म्हणून दोन स्ट्रॅप लागत नाहीत. १२ इंचांत कुठेही एक मारलास तर तो दोन्ही डब्यांपासून ३ फुटांच्या आतच येतो. ५ फुटांच्या पाइपलाही एक पुरतो. ६ फुटांना एकच, पण बरोबर मधोमध. ७ फूट झाले की दोन. परीक्षेत असला प्रश्न आला तर कागदावर पाइप काढ आणि दोन्ही टोकांकडून ३-३ फुटांच्या खुणा कर, उत्तर समोर दिसतं. बांधायला तुळई किंवा स्टड जवळ नसेल तर ३ ऐवजी ५ फुटांपर्यंत सूट आहे, पण पाइप अखंड हवा, मध्ये कपलिंग (जोड) चालत नाही.

तुझा साइटवरचा मित्र ‘१८ इंचांपर्यंत माफ’ म्हणतो, तेही त्यानं हवेतून आणलेलं नाही. २००८ च्या आवृत्तीत तशी सवलत होती. पाइप १८ इंचांपर्यंत, कपलिंगशिवाय, दोन्ही टोकं डब्यात, आणि नॉकआउट (डब्यावरचं ठोकून उघडायचं भोक) मोठं केलेलं किंवा एकात एक कड्यांचं नसेल तर आधाराशिवाय चालेल. पुढे ते कलम वगळलं. जुन्या माणसांच्या तोंडी ते अजून आहे. काही इन्स्पेक्टर आजही असा तुकडा बघून पुढे जातात, पण त्यांच्या भरवशावर परीक्षा देऊ नकोस.

कड्यांच्या नॉकआउटची अट मुळात का होती, ते मात्र समजून घे. अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच अशी कडी एकात एक कापलेली असतात. आतलं काढलं की बाहेरची दोन-चार पातळ टाक्यांवर लोंबत राहतात, आणि पाइपचा सगळा जोर त्या टाक्यांवर येतो. अर्थिंगचा जोडही तिथेच कच्चा राहतो. म्हणून जमिनीच्या तुलनेत २५० व्होल्टच्या वर गेलं की अशा ठिकाणी बाँडिंग बुशिंग (अर्थिंगचा स्क्रू असलेली कडी) लावून जंपर, म्हणजे जोडवायर, टाकावा लागतो, डबाच त्यासाठी तपासून प्रमाणित केलेला असेल तर वेगळं. आपल्याकडे फेज-अर्थ २३० असतो, म्हणून हा आकडा आपल्या डोक्यात कधी येतच नाही. इथल्या कारखान्यांत आणि मोठ्या ऑफिसांत ४८०/२७७ असतं, म्हणजे फेज-अर्थ २७७.

आणखी दोन आकडे यात मिसळतात. एक २४ इंचांचा. दोन डब्यांमधली २४ इंचांपर्यंतची निपल (पाइपचा छोटा तुकडा) वायरींनी ६० टक्के भरता येते, एरवी तीन किंवा जास्त वायरींना ४० टक्केच. वायरी जास्त झाल्या म्हणून करंटची क्षमताही तिथे कमी धरावी लागत नाही. हा नियम वायरींचा आहे, आधाराशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण परीक्षा घेणारे दोन्ही एकाच प्रश्नात घालतात आणि आपण फसतो. दुसरा पुन्हा १८ इंचांचा, डबाच पाइपवर लटकवण्याचा. डब्यात स्विच-सॉकेट असेल तर आट्यांनी आवळलेले किमान दोन पाइप हवेत आणि आधार १८ इंचांच्या आत हवा. आत काही उपकरण नसेल तर ३ फूट चालतं, पण सगळे पाइप एकाच बाजूनं येत असतील तर पुन्हा १८. ईएमटीला आटे नसतात, त्यामुळे नुसत्या ईएमटीवर डबा लटकवायचा विचारच सोड.

साइटवर खरी अडचण वेगळीच येते. डब्याचं भोक भिंतीपासून थोडं पुढे असतं, त्यामुळे पाइप भिंतीला टेकत नाही आणि साधा स्ट्रॅप बसत नाही. आपण तिकडे सॅडलखाली बेस घालतो, इथे उथळ स्ट्रटचा (लोखंडी पन्हाळी पट्टीचा) तुकडा मारून त्यावर क्लॅम्प घेतात. मी आता डबे बसवतानाच त्यांच्यामागे लांब स्ट्रट टाकतो, दोन डबे आणि मधला तुकडा सगळं एकाच पट्टीवर.

शिकागोत हे तुला रोज लागेल. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घरांत प्लास्टिकच्या वेष्टणाची केबल ओढतात, इथे घरांतही लोखंडी पाइप. शहराचा स्वतःचा कोड आहे. २०१८ साली तो एनईसीच्या २०१७ च्या आवृत्तीवर बेतला, स्वतःचे बदल घालून. म्हणून पुस्तक विकत घेण्याआधी परीक्षा कोणत्या आवृत्तीवर आहे ते विचार, महाग असतं ते. आणि इलिनॉयमध्ये इलेक्ट्रिशियनचं राज्याचं लायसन्स नाही, ते शहर किंवा गाव ठरवतं. आपल्या वायरमन परवान्यावर इथे थेट काम करता येत नाही, तरी त्याची प्रत घेऊन ये. अनुभवाचं पत्र मात्र ‘सहा वर्षं’ असं नको, कामाच्या तासांत आणि कामाच्या प्रकारासह लिहून घे, कारण इथे ठिकठिकाणी अनुभव तासांतच मोजतात. चाकणचा मालक सही करायला टाळाटाळ करेल, म्हणून राजीनामा द्यायच्या आधी घे.

आणि आजपासून इंचांची टेप वापरायला लाग. मिलिमीटर कोडात छापलेले असतात, साइटवर कुणी बोलत नाही. ११/१६ आणि ५/८ मधला फरक नजरेनं कळेपर्यंत मी पहिल्या महिन्यात बरेच पाइप चुकीचे कापले.