अंतर्वेशन म्हणावं की नुसतं अंदाज?

ऐरोलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: "आमच्या सेक्टरात पर्जन्यमापक नाही, तरी पावसाच्या नकाशावर आमच्या जागी आकडा असतो. एका लेखात याला 'अंतर्वेशन' म्हटलंय. साधं 'अंदाज' का चालत नाही?"

कारण हवामानाच्या बाबतीत 'अंदाज' हा शब्द उद्याच्या पावसाने आधीच अडवलाय. इथे पाऊस पडून गेलाय, फक्त तुमच्याकडे तो कोणी मोजला नाही. 'अटकळ' म्हणावं, तर तिला आधार असलाच पाहिजे असं नाही. बोलताना मी 'अदमास' म्हणेन. लेखात मात्र अंतर्वेशनच बरं: माहीत असलेल्या आकड्यांच्या मध्ये माहीत नसलेला आकडा बसवणं. ('प्रक्षेप' असंही कोणी सुचवेल. तो पोथीत मागाहून घुसडलेल्या श्लोकांना राहू द्या.)

समजा, ठाण्यात 60 मिलिमीटर पाऊस झाला, बेलापूरला 30. ऐरोली ठाण्यापासून 5 आणि बेलापूरपासून 15 किलोमीटर धरू. सरळ रेघेच्या हिशेबाने ऐरोलीला 52.5 येतात. जवळच्या केंद्राला अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिलं, तर ठाण्याला 9 आणि बेलापूरला 1 भाग, म्हणजे उत्तर 57. आकडे तेच, रीत बदलली की उत्तर बदललं. शिवाय शेजारी पारसिकचा डोंगर उभा आहे, हे दोन्ही सूत्रांच्या गावीही नसतं! ही विद्या मात्र जुनी. गणिती ब्रह्मगुप्ताने 665 सालच्या 'खंडखाद्यका'त 'ज्या'च्या (म्हणजे साइनच्या) सारणीतल्या दोन किमतींमधली किंमत काढायचं सूत्र दिलंय, तेही सरळ रेघेहून सरस.

याचा भाऊ 'बहिर्वेशन', म्हणजे माहीत असलेल्या आकड्यांच्या पल्याडचा आकडा काढणं, आणि तो जास्त धोक्याचा. 26 जुलै 2005 च्या पावसाचे 24 तासांचे आकडे घ्या: सांताक्रूझ 944 मिलिमीटर, कुलाबा जेमतेम 73. दोहोंच्या बरोबर मध्ये सुमारे 509 पडला म्हणणं ढोबळ आहे, पण अशक्य नाही. तीच रेघ कुलाब्याच्या पुढे समुद्रात दोन-तीन किलोमीटर वाढवलीत, तर पाऊस शून्याच्या खाली जातो.

तेव्हा तुमच्या नकाशातला आकडा मोजलेल्या केंद्रांच्या मधला असेल तर अंतर्वेशन, त्यांच्या पल्याडचा असेल तर बहिर्वेशन. आणि आकड्याशेजारी 'अंतर्वेशित' असं छापत नसतील, तर तो मोजलेला समजू नका.