१ मार्चची तयारी

अगं, सेंट डेव्हिड्स डेला, म्हणजे वेल्सच्या संताच्या दिवशी, लेकीला वेल्श पोशाख घालायचाय ना? लाल फ्लॅनेलचा घागरा, चौकड्यांचा एप्रन आणि शाल एवढं बास. उंच काळी टोपी मात्र डोक्यावर ठरत नाही. खरी १९व्या शतकातली बाई आत झालरीची पांढरी टोपी घालायची. तू इलॅस्टिक लाव, हनुवटीखाली. डॅफोडिलचं पिवळं फूल सेफ्टी पिननं टोच, पण पिनेचं टोक टोपणात नीट अडकव. माझ्या मुलाला ते वर्गात टोचलं होतं!

वेल्शमध्ये बोलायला ‘बोरे दा’ म्हणजे सुप्रभात. ‘दिओल्ख’ म्हणजे आभार. शेवटचा ख घशातून, खाकरल्यासारखा. शुभेच्छेतला ‘हापिस’ (hapus) म्हणजे आनंदी. स्पेलिंग बघून आमच्या घरी सगळे हापूसच म्हणतात.