‘काही विशेष नाही’

पत्र : ताई, आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. बाबा ८१ वर्षांचे आहेत आणि तीन वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येते. चांगल्यातले श्रवणयंत्र घेऊन दिले, ते कपाटात पडून आहे. जेवताना ‘काय म्हणाला?’ म्हणून विचारत राहतात आणि मग चिडून अर्ध्यावर उठतात. दर डिसेंबरात तानसेन समारोहाला जाणारे बाबा यंदा नको म्हणतात. आठ वर्षांची मुलगी पाटी घेऊन त्यांच्याशेजारी बसते, ‘काका म्हणाले भाजी खारट. आई हसली नाही.’ असले काहीबाही लिहून त्यांना दाखवते. तिचे पान गार होते आणि ती बोलणी खाते, ते वेगळेच. बाबांचा हट्ट कसा घालवावा?

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘ते वेगळेच’ हे दोन शब्द मी खोडले आहेत, कारण माझ्या दृष्टीने पत्रात सांगण्यासारखे तेवढेच आहे. तुमची मुलगी आजोबांना पंगतीत काय बोलणे झाले ते सांगते, आणि कोण हसले, कोण हसले नाही हेसुद्धा सांगते. त्यांचे नेमके काय हरवले आहे, हे तुमच्या घरात फक्त तिला कळले आहे, आणि त्याबद्दल तुम्ही तिलाच रागावता.

बाबा ‘काय म्हणाला?’ असे विचारतात तेव्हा तुम्ही काय उत्तर देता, हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुतेक घरांत ते उत्तर ‘काही विशेष नाही’ असे असते. माझ्या आईला मी ते कित्येक वर्षे देत होते, आणि ऐकल्यावर ती मान खाली घालून पानातला भात उगाच कालवत राही, हे मला आजही दिसते.

उतारवयात आतल्या कानातील सूक्ष्म पेशी झिजतात आणि उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. त्यामुळे स्वर कानी पडतो, पण स, त, फ यांसारखी व्यंजने निसटतात आणि ‘ताट’, ‘पाट’, ‘साठ’ सारखेच ऐकू येतात. ओरडल्याने स्वर तेवढा मोठा होतो, शब्द काही उमगत नाही. ज्या गावात १९८९ पर्यंत ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक कृष्णराव शंकर पंडित होते, त्या गावात ज्यांचे कान घडले आणि जे दर वर्षी तानसेनाच्या समाधीपाशी गाणे ऐकायला बसले, त्यांना स्वतःच्या घरात एकच वाक्य दोनदा मागावे लागत असेल, तर ते पानावरून उठतात याला मी हट्ट म्हणणार नाही.

यंत्र आवश्यक आहेच. कमी ऐकू येण्याकडे दुर्लक्ष करणे हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक असल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२० आणि २०२४ च्या अहवालांत म्हटले आहे. परंतु यंत्र कुकरची शिट्टी आणि टीव्हीही मोठा करते, आणि त्या गोंगाटातून बोलणे वेगळे काढायला मेंदूला काही आठवडे सराव लागतो. ज्याच्याशी कोणी बोलतच नाही, त्याने हा त्रास कशासाठी सोसावा?

म्हणून आज रात्री टीव्ही बंद करा आणि बाबांच्या समोर, तुमच्या तोंडावर उजेड पडेल असे बसा. ते विचारतील तेव्हा भाजी खारट असल्याची गोष्टसुद्धा आवाज न चढवता, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगा. तरीही कळले नाही तर मुलीकडून पाटी मागून घ्या आणि स्वतः लिहा. मग तिचे पान गरम करून तिला जेवू द्या.