गळका नळ स्वतः बसवताना

नळ भिंतीत बसतो तिथून गळतोय आणि प्लंबर वरून एमसील (गळती बुजवायची पुटी) थापून गेला असेल तर ती दुरुस्ती नाहीच, पाणी आट्यांतून (नळाच्या पेचाच्या खाचांतून) येतंय, एमसील खरवडून काढ आणि नळ नव्या टेफ्लॉन टेपने (आट्यांवर गुंडाळायची पातळ पट्टी) परत बसव, तुला नक्की जमेल. आधी टाकीचा कॉक बंद, पाईपमधलं पाणी सोडून दे, जुनी टेप पूर्ण काढ. मग नळाचे आटे स्वतःकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळ, उलटी गुंडाळली की नळ फिरवताना सुटून गोळा होते, नवीन माणूस हमखास इथेच चुकतो.

अजून दोन चुका:
- पान्याने जीव खाऊन आवळणं. भिंतीतलं सीपीव्हीसीचं (प्लास्टिक पाईपचं) फिटिंग चिरलं तर टाइल फोडावी लागते!
- नळ सरळ करायला मागे फिरवणं. परत गळणार, टेप नवीनच लाव.

भिंतीतल्या पाईपला सध्या हात लावू नकोस.